बंद जिनिंगच्या आवारातून गावाची फिरायची वाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वऱ्हाडात आणि वर्धा-नागपूरकडे जवळजवळ प्रत्येक तालुक्यात एखादी तरी जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना) बंद पडलेली दिसते. चंद्रपूर-वणीकडे खाणीच्या मातीचे डोंगर आहेत. कुठे सूतगिरणी, कुठे तेलगिरणी. अशा जागांतून गावाला चालता-फिरता येईल अशी वाट करू पाहणारे लोक आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्यांत जास्त प्रश्न जिनिंगच्या आवाराबद्दल येतात, म्हणून उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत. खाण, रेल्वे आणि झुडपी जंगल यांचं वेगळं असल्यामुळे त्यांना वेगळी उत्तरं आहेत.

१. पडीक आवारात वाट करायची म्हणजे नेमकं काय करायचं? बगीचा करायचा का?

बगीचा नको. बगीच्याला रोजचं पाणी लागतं, माळी लागतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात हिरवळ जळाली की फाटकाला कुलूप लागतं. वाट म्हणजे दीड-दोन मीटर रुंदीचा, पावसाळ्यात पाय न रुतणारा मुरुमाचा पट्टा. कडेला सावलीची झाडं, बसायला चार ओटे, आणि विहीर, खड्डे, पडकी शेडं यांपासून सुरक्षित अंतर. एवढं पुरे.

अशा बहुतेक आवारांत लोकांनी आधीच एक वाट पाडलेली असते. भिंतीच्या भगदाडातून शाळेची पोरं शॉर्टकट मारतात, बाया सरपणाला जातात, गुराखी दुपारी लिंबाखाली बसतो. आमचा सगळ्यांत ठाम सल्ला हा: नकाशा काढायच्या आधी काही दिवस सकाळ-संध्याकाळ तिथे उभे राहा. लोक कुठून शिरतात, कुठे वळतात, कुठे थांबतात ते पाहा आणि त्या पावलांवरूनच फक्कीची रेघ ओढा. कार्यालयात बसून काढलेली सरळ रेघ भर उन्हातून जाते. बायांनी पाडलेली वाट मात्र लिंबाच्या सावलीतून जाते आणि पाणी साचतं तिथून बाजूला सरकते. पुढच्या बहुतेक उत्तरांचा आधार हाच आहे, की वाट गावाकडे आहेच, तिला हक्काची आणि बिनधोक करायचं आहे.

२. आमच्याकडे शेतकरी-मजूर दिवसभर चालतातच. त्यांना फिरायची वाट कशाला?

दिवसभर निंदण-वेचणी करून आलेल्या बाईला संध्याकाळी फेऱ्या मारायला सांगणं बरोबर नाही, आणि वाट तिच्यासाठी नाहीच. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी साखरेच्या आजारासाठी 'रोज चाला' म्हणून सांगितलेला माणूस कुठे चालतो? गुडघे दुखणारी आजी, दिवस गेलेली सून, सेवानिवृत्त गुरुजी कुठे चालतात? डांबरी रस्त्याच्या कडेने, कापसाच्या गाड्या आणि टिप्पर अंगावरून जात असताना.

आणि पोलीस भरतीची पोरं-पोरी. पहाटे अंधारात हायवेवर धावणारी ही मुलं प्रत्येक तालुक्यात दिसतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. तीन एकराचं चौकोनी आवार असेल तर भिंतीपासून पाच मीटर आत घेतलेला फेरा साधारण ४०० मीटर भरतो. म्हणजे मुलांचे चार फेरे, मुलींचे दोन. टेपने नीट मोजून दर १०० मीटरवर दगड रोवला, तर गावातल्या तरुणांना जे मैदान कोणी दिलं नाही ते मिळतं. ग्रामसभेत विषय मांडताना आधी हे बोला. 'सौंदर्यीकरण' हा शब्द ऐकून मान डोलावणारे पुष्कळ असतात, पण कामाला येतात ते ज्यांची मुलगी रोज हायवेवर धावते ते.

३. एवढ्या मोक्याच्या जागा ओस पडल्या कशा?

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे मोर्चा वळवला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि स्टेशनांच्या आसपास जिनिंग-प्रेस उभ्या राहू लागल्या. पुढे सहकारी संस्थांनी आपल्या जिनिंग काढल्या. १९७१ च्या कायद्यानंतर राज्यात एकाधिकार कापूस खरेदी आली, पणन महासंघाचा कापूस या जिनिंगमध्ये पडू लागला आणि हंगामभर काम राहिलं. ती योजना आटत गेली. त्यातच २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात यांत्रिक, आपोआप कापूस वाहून नेणाऱ्या नव्या जिनिंगना मदत मिळाली. डोक्यावरून गासड्या वाहणाऱ्या जुन्या जिनिंग त्यांच्यापुढे टिकल्या नाहीत.

हा इतिहास सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. स्टेशन किंवा मुख्य रस्त्याला लागून असल्यामुळे ही जागा गावाच्या मधोमध किंवा अगदी कडेला सापडते. आणि जुन्या आवारांची ठेवणही बरीच सारखी असते: फाटकाशी वजनकाटा, मग कापसाच्या ढिगांची मोकळी जागा, जिन हॉल, प्रेस, सरकीचं गोदाम, गाठींचा ओटा आणि आगीसाठी बांधलेलं पाण्याचं टाकं. धोका कुठे असेल ते यावरून आधीच कळतं (प्रश्न १० पाहा).

४. जागा कोणाची आहे हे कसं शोधायचं?

तलाठ्याकडून किंवा महाभूमीच्या संकेतस्थळावरून सातबारा काढा आणि त्यावर थांबू नका. इतर हक्काचा रकाना वाचा, बोजा असेल तर तिथे दिसतो. जुने फेरफार काढा. जागा संस्थेने विकत घेतली होती की शासनाने दिली होती, हे फेरफारात उलगडतं. भोगवटादार वर्ग २ असेल तर जागा अटींवर दिलेली आहे आणि अटींचं काय झालं हे तहसील कार्यालयात विचारता येतं. अकृषक आदेश मिळाला तर त्याची प्रत ठेवा. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, कारण पंचवीस-तीस वर्षं कोणी न फिरकलेल्या आवाराच्या हद्दी शेजाऱ्यांच्या धुऱ्यांनी आत ढकललेल्या असतात.

अमरावती विभागात 'ई-वर्ग' लिहिलेलं निघालं तर ती शासनाची, गावाच्या गुराढोरांसाठीची जमीन आहे. मग ग्रामपंचायतीचा ठराव करून तहसीलदारांकडे जा. नागपूर विभागात 'झुडपी जंगल' निघालं तर आधी प्रश्न ७ वाचा.

५. संस्था अवसायनात आहे, संचालक मंडळच नाही. परवानगी कोण देणार?

अवसायक. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०२ खाली संस्था गुंडाळण्याचा आदेश होतो आणि कलम १०३ खाली अवसायक नेमला जातो. मालमत्ता त्याच्या ताब्यात असते. त्याचं काम मालमत्ता विकून देणी फेडणं, हे लक्षात ठेवून त्याच्याशी बोला. सहायक निबंधक कार्यालयात अवसायकाचं नाव मिळतं.

त्याला लेखी विनंती करा: ठरावीक मुदतीसाठी, पायी वापरापुरती, कोणतंही पक्कं बांधकाम न करता, विक्री ठरल्यावर जागा मोकळी करण्याच्या हमीवर. आवार स्वच्छ राहील, चोऱ्या थांबतील, भिंती तुटणार नाहीत, हा त्याचाही फायदा आहे आणि तो पत्रात लिहा. बँकेने कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखाली ताबा घेतला असेल तर हेच पत्र बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला जाईल. सील केलेलं फाटक मात्र कुणाच्याही सांगण्यावरून उघडू नका.

एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. ज्यांचे पगार आणि भविष्य निर्वाह निधी या संस्थेत अडकले, ते कामगार अजून गावातच आहेत. वाटेच्या नावाखाली त्यांची थकबाकी विसरली जातेय असं त्यांना वाटता कामा नये. अवसायकाला भेटायला जाताना त्यांच्यातला एक जण सोबत असू द्या.

६. मालक नाही म्हणतो, पण अख्खं गाव पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच जातंय. आमचा हक्क नाही का?

जाण्या-येण्याचा हक्क असू शकतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम १५ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापरलेली वाट सिद्ध करता येते. जमीन शासनाची असेल तर तीस वर्षं. हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं.

विदर्भात याहून सोपं एक दार आहे आणि फार थोडे लोक ते ठोठावतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १६१ खाली गावाचं निस्तार पत्रक असतं आणि कलम १६५ खाली वाजिब-उल-अर्ज. निस्तार पत्रकात सरकारी पडीत जमिनीवरचे गावाचे हक्क असतात. वाजिब-उल-अर्जमध्ये शासनाच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीवरून जाणाऱ्या वाटांच्या, पाण्याच्या, मासेमारीच्या रूढी नोंदवलेल्या असतात. जिनिंग उभी राहण्याआधी तिथून पांदण जात होती का, हे त्यात सापडू शकतं. तालुक्याच्या अभिलेख कक्षात नक्कल मागा. जुन्या नोंदी मोडी, उर्दू किंवा हिंदीत असल्या तर वाचणारा माणूस सोबत न्या.

शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी नुकतीच अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

हे सगळं मिळालं तरी तो जाण्याचा हक्क आहे. मुरूम पसरणं, झाडं लावणं, ओटे बांधणं यासाठी मालकाची संमती लागतेच.

७. सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' आहे, पण तिथे एकही झाड नाही. तरी अडचण आहे का?

आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या झुडपी जंगल जमिनी वन म्हणूनच धरल्या जातील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. झाड आहे की नाही याने फरक पडत नाही. अशा जमिनीवर वनेतर कामासाठी वन संवर्धनाच्या १९८० च्या केंद्रीय कायद्याखालची मंजुरी लागते. जेसीबी लावण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा. पायवाट आहे तशी राखणं, देशी झाडं लावणं, गाजरगवत उपटणं ही कामं वनविभागाच्या सोबतीने करता येतील का, हे तिथे विचारा. आवाराचा थोडाच भाग झुडपीत असेल तर वाट त्या भागाबाहेरून वळवणं हेच शहाणपणाचं.

८. बंद पडलेल्या शकुंतला या नॅरोगेज गाडीच्या रुळांवरून वाट करता येईल का?

नाही, आणि करू नका. मूर्तिजापूर-यवतमाळ, मूर्तिजापूर-अचलपूर आणि पुलगाव-आर्वी या नॅरोगेज मार्गांवर गाडी धावत नसली तरी ती रेल्वेची जागा आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली तिथे विनापरवाना शिरणं गुन्हा आहे. याहून मोठं कारण म्हणजे त्या गावांना गाडी परत हवी आहे. ब्रॉडगेजसाठी लोक वर्षानुवर्षं मागणी करत आहेत, आणि रुळांच्या जागी वाट झाली तर त्या मागणीचा पायाच निघून जाईल. स्टेशनाला लागून बंद जिनिंग असेल तर रेल्वेची हद्द सोडून आतल्या बाजूने वाट घ्या.

९. आमच्याकडे जिनिंग नाही, कोळसा खाणीच्या मातीचा डोंगर आहे. त्यावर चढायची वाट होईल का?

गावाने स्वतःच्या बळावर करू नये. ओव्हरबर्डनचा ढिगारा बाहेरून हिरवा दिसला तरी पावसात घसरतो आणि त्यात मिसळलेला कोळसा आतून धुमसत असू शकतो. जुन्या भूमिगत खाणीवरची जमीन कुठलीही सूचना न देता खचते. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) बहुतेक जमिनी १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याखाली घेतलेल्या आहेत, तिथे ग्रामपंचायतीच्या ठरावाने वाट होत नाही.

करता येण्यासारखं असं आहे की, प्रत्येक खाणीला खाणबंदी आराखडा असतो. २००९ च्या मार्गदर्शक सूचनांपासून त्यासाठी कंपनीला वेगळ्या खात्यात पैसा ठेवावा लागतो. आराखड्याची प्रत मागा, ग्रामसभेत वाचा आणि 'लोकांना चालता येईल अशी वाट' त्यात घालण्याची लेखी मागणी करा. वेकोलिने सावनेर भागात इको पार्क करून २०१६ मध्ये खाण पर्यटन सुरू केलं, म्हणजे हे अशक्य नाही. भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या ढिगाऱ्यांनाही चढायच्या आधी हाच नियम लावा.

१०. आवार साफ करण्याआधी काय काय तपासायचं?

हा प्रश्न सगळ्यांत आधी यायला हवा आणि तो सगळ्यांत शेवटी येतो. उत्साहाने श्रमदान ठरतं आणि दोनशे माणसं विळे घेऊन आत शिरतात.

आधी चार-पाच जाणती माणसं आणि एक जुना कामगार असं मिळून फिरा. वजनकाट्याची लोखंडी प्लेट भंगारात गेलेली असते आणि खाली माणूसभर खोल खड्डा उरतो. त्यावर बेशरमचं झुडूप वाढलं की खड्डा दिसतही नाही. काठीने चाचपत जा. विहीर, आगीचं टाकं, प्रेसच्या पायातला खड्डा, उघडी गटारं, सगळ्यांभोवती चुन्याने पांढरी खूण करा आणि वाट ठरायच्या आधीच जाळ्या बसवा. टाकं फुटकं नसेल तर ते बुजवू नका, झाडांना उन्हाळाभर पाणी द्यायला कामी येतं.

जिन हॉलच्या भिंतीला हात लावण्याआधी वर पाहा. छताची कैची सडलेली असते आणि पत्रा वाऱ्याने लोंबत असतो. भिंतीची जेवढी उंची, किमान तेवढं अंतर सोडून वाट न्या. जुनं धुरांडं असेल तर बांधकाम विभागाच्या अभियंत्याला लेखी पाहणी मागा. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल गळत असेल तर त्याला हात लावू नका आणि ते शेताच्या, विहिरीच्या बाजूला वाहू देऊ नका. वीज वितरणकडून जोडणी तोडल्याची खात्री करून घ्या. साप आणि जनावरांबद्दल प्रश्न १३ आहे.

११. शेडवरचे सिमेंटचे पत्रे फोडून वाटेत भर म्हणून टाकले तर?

अजिबात नको. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं. पत्रा शाबूत आहे तोवर धोका कमी. फोडला, घासला, पायाखाली चुरडला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात, आणि ते फुप्फुसात बसले की आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. रोज चालायच्या वाटेत तो चुरा घालणं म्हणजे धावणाऱ्या मुलांच्या श्वासात तो मिसळणं.

शाबूत पत्रे तसेच राहू द्या, शेडला कुंपण करा. पडलेले तुकडे उचलावेच लागले तर आधी पाण्याने चिंब भिजवा, झाडू मारू नका, एन-९५ मास्क लावा, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला कळवून विल्हेवाट लावा. बुटीबोरीला धोकादायक कचऱ्याची सामायिक सुविधा आहे. टिनाच्या पत्र्यांना हे लागू नाही.

१२. आवारात जुनं खत-औषधांचं गोदाम होतं. तिथली माती चालेल का?

त्या भागातून वाट नेऊ नका. सहकारी संस्थांच्या गोदामांत गॅमेक्झिनची, म्हणजे बीएचसी या कीटकनाशकाची, भुकटी वर्षानुवर्षं पडून असायची. बीएचसीवर भारतात १९९७ पासून बंदी आहे, पण ते मातीत दीर्घकाळ टिकतं. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने काय केलं ते आपण पाहिलं आहे. विषाशी आपला व्यवहार हलका नसावा. गोदामाचा कोपरा कुंपणात घ्या, तिथली माती हलवू नका आणि तिथे सीताफळ, बोर, आवळा असं खायचं काहीही लावू नका. फुटकी पोती, डबे दिसले तर हात न लावता कृषी विभागाला कळवा.

माती तपासायची असेल तर लक्षात ठेवा की नेहमीच्या मृद तपासणीत नत्र, स्फुरद, पालाश कळतं, विषाचे अंश कळत नाहीत. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे कीटकनाशक अवशेषांची तपासणी वेगळी मागावी लागते.

१३. सापांचं आणि जंगली जनावरांचं काय?

पडीक आवारात नाग, मण्यार, घोणस, फुरसं असणारच, कारण उंदीर आहेत. साफसफाई दिवसा, गमबूट घालून, लांब काठीने आवाज करत करा. पेटवून देऊ नका, साप आगीतून वस्तीकडेच पळतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना मीटरभर गवत कापलेलं ठेवा. दंश झाला तर दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, बाबाकडे नेऊ नका. हात-पाय स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेलं ग्रामीण रुग्णालय गाठा. मण्यारचा दंश दुखत नाही, म्हणून 'काही झालं नाही' म्हणत घरी थांबू नका.

वाघ-बिबट्याचा मुलूख असेल, म्हणजे ताडोबा, ब्रह्मपुरी, टिपेश्वर, पांढरकवडा-राळेगावची बाजू, तर पडीक झुडपं त्यांनाही आवडतात. २०२२ च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराला मारलं. अशा भागात वाट उघडायची वेळ उजाडल्यानंतरची ठेवा, मग भरतीच्या मुलांची कितीही तक्रार असो. कोंबड्यांचा टाकाऊ भाग आणि मेलेली जनावरं आवारात टाकणं आधी बंद करा. पाऊलखुणा दिसल्या तर १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवा.

१४. काळ्या मातीत वाट टिकत नाही. काय करायचं?

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. एप्रिलमध्ये तिच्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो. तिच्यावर थेट मुरूम टाकला तर पहिल्या पावसाळ्यात तो खाली बसतो आणि चिखल वर येतो. फूटभर काळी माती काढा (ती फेकू नका, झाडांच्या खड्ड्यांना वापरा), मग मुरूम दोन थरांत टाका आणि प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबा. मध्यभाग थोडा उंच ठेवा, कडेला चर काढा आणि त्या चरांचं पाणी कुठे जाईल ते आधी ठरवा. हे काम दिवाळीनंतर करा. मे महिन्यात दाबायला पाणी मिळत नाही, आणि जूनमध्ये रोलर आत शिरत नाही.

मुरूम गावच्याच टेकडीचा असला तरी तो गौण खनिज आहे. तहसीलदारांची परवानगी घ्या आणि स्वामित्वधनाची पावती जपून ठेवा.

१५. पेव्हर ब्लॉक बसवले तर?

काळ्या मातीवर ते वर-खाली होतात, मे महिन्यात तापतात, आणि गुडघेदुखी असलेल्याला मुरूमच बरा. नको.

१६. वीज केंद्राची राख फुकट मिळते. ती भरावाला घेऊ का?

फिरायच्या वाटेसाठी नको. वाऱ्याने उडते, डोळ्यांत-छातीत जाते, आणि पावसात तिच्यातले जड धातू विहिरीकडे उतरू शकतात. कोराडीच्या खसाळा राखबंधाऱ्याचा बांध जुलै २०२२ मध्ये फुटला तेव्हा राखेचं पाणी शेतांत आणि नदीत गेलं. फुकट भरावाची किंमत अशी विहिरीच्या पाण्यातून मोजायची वेळ येऊ नये.

१७. कोणती झाडं लावायची, आणि उन्हाळ्यात ती जगवायची कशी?

आधी जी आहेत ती मोजा आणि वाचवा. जुन्या आवारातला कडुनिंब, चिंच, उंबर यांची सावली नवं रोप पंधरा वर्षांनी देईल. सागवान, मोह, चिंच, आंबा, जांभूळ अशी झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, विनापरवाना तोडता येत नाहीत.

नवी लावायची तर कडुनिंब, करंज, उंबर, मोह, बेल, आणि पाणी साचतं तिथे अर्जुन. पळस आपोआप येतो, त्याला येऊ द्या. गुलमोहर वादळात फांद्या टाकतो, सुबाभूळ पसरत जातो, कोनोकार्पस तर आणूच नका. रायमुनिया (घाणेरी), गाजरगवत आणि वेडी बाभूळ मुळासकट काढावी लागते, आणि गाजरगवत फुलावर येण्याआधी.

जगवण्याचं म्हणाल तर शंभर रोपं लावून दहा जगवण्यापेक्षा वीस लावा आणि वीस कुटुंबांना वाटून द्या. पहिल्या पावसात जून-जुलैला लागण, जनावरांपासून काट्यांचं कुंपण, बुडाशी पऱ्हाटीचं किंवा तुरीच्या कुटाराचं आच्छादन, आणि सलग तीन उन्हाळे पाणी.

१८. पैसा कुठून आणायचा?

जागा ग्रामपंचायतीची किंवा शासनाची असेल तर काम गावाच्या विकास आराखड्यात घाला, म्हणजे वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून मागणी करता येते. मातीकाम आणि झाडं रोजगार हमीत बसतात का, ते ग्राम रोजगार सेवकाकडून विचारून घ्या. खाणबाधित तालुक्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे प्रस्ताव द्या. वाट शेतांकडेही जात असेल तर तो तुकडा शासनाच्या पाणंद रस्ते योजनेत सुचवा.

जागा खासगी किंवा अवसायनात असेल तर सरकारी पैसा टाकता येत नाही. मग लोकवर्गणी, श्रमदान आणि हलवता येतील अशाच वस्तू. वर्गणीचा हिशेब दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

१९. गुरं आणि बैलबंड्या तिथूनच जातात. त्यांना बंद करायचं का?

नाही. गुराख्याची वाट आधीची आहे. फाटकाशी बंडीसाठी वेगळा पट्टा सोडा आणि पायी वाटेच्या तोंडाशी आडव्या लाकडाचं वाकडं फाटक करा. त्यातून माणूस जातो, गाय जात नाही. पण व्हीलचेअर आणि बाळगाडी आत येईल एवढं एक उघडणारं फाटक बाजूला ठेवा.

२०. आवारात काही कुटुंबं पालं टाकून राहतात. त्यांचं काय करायचं?

वाटेच्या नावाखाली कोणालाही हुसकावू नका. पारधी, बेलदार, वडार कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या गावोगावच्या पडीक जागांतून हाकलली गेली आहेत, आणि आपल्या फेऱ्यांसाठी ते पुन्हा घडणं चुकीचं आहे. वाट त्यांच्या पालांपासून दूर वळवा, नळ आणि शौचालय त्यांच्याही वापराचं ठेवा, आखणीच्या बैठकीला त्यांना बोलवा. घरकुलाचा, जातीच्या दाखल्याचा प्रश्न असेल तर ग्रामसभा त्यासाठीही ठराव करू शकते. सतत तिथे असणारी माणसं रात्रीची राखणही करतात.

२१. बाया-मुलींना तिथे सुरक्षित वाटेल का? दारुडे बसतात.

हे बायांनाच विचारा, आणि पुरुषांच्या बैठकीत नको. बचत गटाच्या बैठकीला जाऊन विचारा की कोणती वेळ हवी, कोणता कोपरा नको. बहुतेक ठिकाणी उत्तर सारखं येतं: वाट दोन्ही टोकांना उघडी हवी, उंच भिंत नको, झुडपं कमरेखाली हवीत, आणि आत एकटं पडायला नको. म्हणून पहिला टप्पा रस्त्यावरून दिसणाऱ्या भागातच करा. पडीक आवार हातभट्टीचा अड्डा होतं, आणि वर्धा-गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांतही. तिथे भट्टीवाल्याशी गावकऱ्यांनी एकेकट्याने भांडण काढू नये. महिला ग्रामसभेचा ठराव करून पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या.

२२. जुनी यंत्रं भंगारात द्यायची का?

संस्थेच्या मालकीची असतील तर तो निर्णय गावाचा नाही (प्रश्न ५). पण एखादं तरी रोलर-जिन जागेवर राहू द्या अशी मागणी करा. चामड्याचे रोलर झिजलेले असतात आणि पात्याच्या मागे तीस वर्षांपूर्वीची रुई अजून चिकटलेली सापडते. शाळेच्या मुलांनी ते पाहावं आणि शेजारी उभं राहून एखाद्या जुन्या कामगार काकूंनी, सरकी वेगळी कशी पडते ते सांगावं.

२३. आम्ही सगळं केलं आणि उद्या जागा विकली गेली तर?

हे होऊ शकतं. त्याची तयारी पहिल्या दिवशी करा. ओटे सुटे ठेवा, फलक-फाटकं ग्रामपंचायतीच्या जडवस्तू नोंदवहीत चढवा, म्हणजे ती नव्या मालकाची होत नाहीत. १९६४ च्या यादीतली झाडं नव्या मालकालाही विनापरवाना तोडता येणार नाहीत. लिलावाची जाहिरात निघाली की लगेच ग्रामसभा घ्या आणि अवसायकाला व बँकेला लेखी कळवा की या जागेत गावाची वहिवाट आहे. खरेदीदाराने ती माहिती असताना जागा घेतली, हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

नव्या मालकाशी भांडण करण्याआधी बोला. हद्दीच्या कडेने तीन मीटरचा पट्टा त्याने सोडला तर त्याला भिंत बांधायला गावाची हरकत राहत नाही आणि तुमचा फेराही वाचतो. तो तयार झाला तर तोंडी समाधानावर थांबू नका. दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत दस्त करा, त्यात पट्ट्याची लांबी-रुंदी आणि मोजणीचा नकाशा जोडा, आणि त्या दस्ताची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात येईपर्यंत तलाठ्याकडे खेटे घाला.